‘घोरा’ म्हणणाऱ्या मुलाची तपासणी कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा. बीएएसएलपी (कान आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी) करून घणसोलीतल्या एका क्लिनिकमध्ये नुकतीच लागलेली थेरपिस्ट विचारते: गावठाणातला साडेचार वर्षांचा मुलगा आलाय. आजी-आजोबांशी आगरी, आईशी आगरी-मराठी मिसळून, गल्लीत हिंदी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची. शाळेनं चिठ्ठी दिली, ‘उच्चार स्पष्ट नाहीत, घरी इंग्रजीत बोला.’ टेस्टप्रमाणे त्याची भाषा तीन वर्षांच्याही आतली निघाली. आई काही सेशनना आली आणि मग यायची थांबली. शिवाय क्लिनिकमध्ये पक्षाघातानंतर बोलणं अडलेले एक कोळी आजोबा येतात, कार्डं दाखवली की ते मान फिरवतात. ‘मॅडम, या मुलाला खरंच अडचण आहे का? आणि ही माणसं टिकत का नाहीत?’

मुलाला अडचण आहे. पण तुझ्या रिपोर्टमध्ये ती दिसते तेवढी मोठी नाही, आणि तू दाखवलीस तिथे तर नाहीच. तू पाठवलेली शब्दांची यादीच नीट वाचू. ‘घोडा’ला घोरा, ‘डोळा’ला डोला, ‘पाणी’ला पानी, ‘गाडी’ला दारी, ‘कावळा’ला तावला, ‘खिडकी’ला थिरती. सहाच्या सहा शब्दांपुढे तू फुली मारलीयस.

आता हेच शब्द त्याच्या आजीकडून म्हणवून घे. आगरीत शब्दाच्या मधे आलेला ड बहुधा र होतो, म्हणून घोरा आणि गारी. शब्दाच्या सुरुवातीचा ड जागेवर राहतो, म्हणून डोळ्याचा डोला होतो, रोला होत नाही. ळ चा ल आणि ण चा न सगळीकडेच होतो. म्हणजे घोरा, डोला, पानी हे तीन शब्द त्यानं अगदी बरोबर उच्चारले. मोठ्या माणसांनी जसे दिले तसेच उचलले. ‘तावला’मध्ये मात्र दोन गोष्टी एकत्र आहेत. ल घरचा आहे, त घरचा नाही. आजी ‘कावला’ म्हणते. ‘दारी’चंही तेच, आजी ‘गारी’ म्हणते. ‘थिरती’मधला र घरचा, पण थ आणि त हे ख आणि क च्या जागी आलेत. या मुलाला जिभेची मागची बाजू टाळूला लावून काढायचे आवाज जमत नाहीत, तो ते पुढे दातांपाशी काढतो. लहान मुलं असं करतात, पण साडेचारच्या वयापर्यंत ते मावळायला हवं असतं. म्हणजे त्याला थेरपी हवी, आणि ती क-ख-ग साठी हवी. ळ, ण आणि ड साठी नको.

हा फरक कळला नाही तर काय होतं, बघ. तू त्याला महिनोनमहिने ‘घोडा’ म्हणायला लावशील. तो तुझ्यासमोर घोडा म्हणेल आणि घरी जाऊन घोरा म्हणेल, कारण घरी सगळे तेच म्हणतात. तू लिहिशील, ‘कॅरी-ओव्हर नाही’, म्हणजे क्लिनिकमध्ये शिकलेलं घरी उतरत नाही. आणि आजीला कळेल ते एवढंच, की तिच्या तोंडची भाषा हा नातवाचा आजार आहे. ती आई पुन्हा का आली नसावी, याचं एक कारण मला इथेच दिसतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या थेरपिस्टला मी एकच गोष्ट सांगते. मुलाचं माप त्याच्या घरावर घे. तुझं माप वेगळं असेल, माझं असेल, पाठ्यपुस्तकाचंही असेल. त्या मुलाशी जे रोज बोलतात, ते कसे बोलतात हे ऐकल्याशिवाय त्याचं काय चुकतंय हे कुणालाही ठरवता येणार नाही.

हे आगरीपुरतं नाही. तुझ्या क्लिनिकपासून कोपरखैरणेकडे गेलीस की माथाडींची वस्ती लागते. बहुतेक घरं साताऱ्याची, सांगलीची, जुन्नरकडची. तिथेही ‘पानी’च आहे, आणि ‘व्हय’, ‘न्हाय’ आहे. दिघा, तुर्भे स्टोअर्सला भोजपुरी, अवधी बोलणारी घरं भेटतील. हिंदी घरातलं मूल मराठी बोलताना ‘बाळ’ला बाल म्हणेल, ‘चाक’ आणि ‘चूल’ यांतला च हा ‘चहा’तल्या च सारखा काढेल, आणि ‘झाड पडला’ म्हणेल, कारण त्याच्या घरच्या भाषेत नपुंसकलिंगच नाही. यातलं काहीच आजाराचं लक्षण नाही. ठाण्यात येऊरच्या पाड्यांवर वारली आणि कातकरी मुलं आहेत. मुंब्रा-कौशात उर्दू आणि कोकणी मुसलमानांची बोली आहे, कोपरीत सिंधी आहे. सगळ्या बोली तुला यायला हव्यात असं मी म्हणत नाही, मलाही येत नाहीत. पण ऐकायची पद्धत एकदा अंगात मुरली की ती सगळीकडे चालते.

ती पद्धत अशी. पहिल्या भेटीला घरातलं जे माणूस मुलाशी सगळ्यात जास्त बोलतं त्याला बोलाव. आपण सवयीनं ‘आईला घेऊन या’ म्हणतो, पण गावठाणातल्या एकत्र घरात बहुतेकदा ती आजी असते किंवा आठ-दहा वर्षांची चुलत बहीण. त्यांच्या परवानगीनं त्यांचं दहा मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड कर. मुलाला जी चित्रं दाखवणार आहेस तीच आजीला दाखव आणि नावं विचार. जमल्यास त्याच वयाच्या चुलत भावाचंही बोलणं घे. बऱ्याच घरांत तो शेजारच्या खोलीतच असतो. मग तिन्ही रेकॉर्डिंग शेजारी ठेव. आजीत आणि चुलत भावात जे आहे ते मुलातही असेल तर ती बोली. दोघांत नाही आणि फक्त मुलात आहे, तिथे तुझं काम सुरू होतं.

आणि विचार. ‘याच्या बरोबरीच्या पोरांच्या मानानं हा कसा बोलतो?’ या एका प्रश्नाला आज्या जे उत्तर देतात ते पुष्कळदा टेस्टपेक्षा नेमकं असतं. किती कळतं हे विचारताना माणसं वेगळी काढ: आई-बाबांना किती कळतं, घरातल्या इतरांना, नातेवाइकांना, त्याच्या सवंगड्यांना, ओळखीच्यांना, शाळेतल्या बाईंना, अगदी अनोळखी माणसाला. इंटेलिजिबिलिटी इन कॉन्टेक्स्ट स्केल हे सात प्रश्नांचं माप २०१२ साली ऑस्ट्रेलियात तयार झालं, ते याच धर्तीचं आहे. या मुलाच्या बाबतीत आजीलाही अर्धंच कळतं असं उत्तर आलं, तर अडचण खरी. आजीला सगळं कळतं आणि फक्त शाळेला कळत नाही, तर आधी शाळेत तो कोणाशी कुठल्या भाषेत बोलतो ते बघ.

हे सगळं करण्याआधी कानांची तपासणी झालीय ना? तुझ्या पत्रात तिचा उल्लेख नाही. मुलाला हाक मारली की वळतो, टीव्हीवरचं गाणं ऐकतो, एवढ्यावर कान चांगले असं कुणी म्हणू नये. सर्दीनं मधल्या कानात पाणी साठलेलं मूलही वळतं. ऑडिओमेट्री (ऐकू किती येतं), टिम्पॅनोमेट्री (मधला कान कसा आहे) आणि गरज पडली तर बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का). हे आधी.

आता टेस्टबद्दल. तू रील (REEL) ही लहान मुलांच्या भाषेची टेस्ट वापरलीस. ही टेस्ट अमेरिकेत बझॉक आणि लीग यांनी केली, पालकांना विचारून भरायची आणि तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. साडेचार वर्षांच्या मुलाला ती लावली तर तीनच्या वर आकडा येणारच नाही. त्यातून तू प्रश्न मनातल्या मनात मराठीत करून विचारलेस, आणि आईनं समजून घ्यायचा प्रयत्न करत उत्तरं दिली. अशा आकड्यावर ‘भाषावय’ लिहू नये. टेस्ट भाषांतरित केली की तिची सोप्याकडून अवघडाकडे जाणारी चढण मोडते. इंग्रजीत अनेकवचन तपासायला एका मांजराची दोन मांजरं दाखवतात, शेवटी एक आवाज जोडला की झालं. मराठीत ‘एक हात, दोन हात’, ‘एक उंदीर, दोन उंदीर’ हे बदलतच नाहीत. ‘आंबा-आंबे’, ‘चिंच-चिंचा’, ‘फूल-फुलं’ यांची वाट प्रत्येकी वेगळी. उंदराचं चित्र दाखवून अनेकवचन तपासलं तर काहीही तपासलं जात नाही. थ्रीडी-लॅटसारखी भाषा तपासायची आपल्याकडे तयार झालेली साधनं आहेत, पण तीही तीन वर्षांच्या आतल्या मुलांची. टेस्ट वापर, जरूर वापर, पण मूल कुठे कुठे अडतं हे बघण्यासाठी. आकडा लिहिलास तर खाली स्पष्ट लिही की या भाषेतल्या मुलांवर ही टेस्ट प्रमाणित झालेली नाही.

मग खात्री कशानं करायची? शिकवून बघायचं. एखादी गोष्ट मुलाला सांगायला लाव आणि त्यात काय राहिलं ते टिपून घे. मग पंधरा-वीस मिनिटं त्याला गोष्टीत आधी कोण आलं, काय झालं, शेवटी काय झालं हे हसतखेळत शिकव आणि पुन्हा सांगायला लाव. ज्या मुलाला फक्त सवय नव्हती ते पटकन पुढे सरकतं. ज्याला खरोखर भाषेची अडचण आहे त्याला तीच मदत पुन्हा पुन्हा लागते. याला डायनॅमिक असेसमेंट म्हणतात. ठाण्या-नवी मुंबईसारख्या चार-चार भाषांच्या गावांत मला यापेक्षा न्याय्य पद्धत सापडलेली नाही. त्याला जोड म्हणून निरर्थक शब्द परत म्हणायला लाव, ‘मापू’, ‘तिनोबा’, ‘लुपानीमे’ असे. शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत, त्यामुळे कुणाचं शब्दभांडार मोठं हा प्रश्न उरत नाही. फक्त आवाज घरच्या भाषेतलेच निवड. या मुलासाठी त्यात ळ-ण नको. क-ग त्याला जमत नाहीत, म्हणून तेही नको, नाहीतर तू परत उच्चारच तपासशील.

तुझ्या क्लिनिकमधली चित्रं मी पाहिलेली नाहीत, पण बहुतेक ठिकाणची पाहिलीत. टोस्टर, बर्फाचा माणूस, भिंतीतली शेकोटी. मुलाला नाव आलं नाही की शब्द कमी म्हणून नोंद. त्याऐवजी चिंबोरी ठेव, कोयता ठेव, गणपती, दहीहंडी, होडी ठेव, आणि बघ. खेळाचंही तसंच आहे. वाढदिवसाच्या केकचा सेट पुढे ठेवून ‘प्रिटेंड प्ले (खोटं-खोटं खेळणं) नाही’ म्हणण्यापूर्वी त्याला टोपली आणि चार खोटे मासे दे. आई-आजी बाजारात बसतात तसा तो बसून भाव करेल.

आणखी एक गोष्ट नव्या मुलींच्या लक्षात येत नाही. ‘हे काय आहे?’ असं आपण मुलाला विचारतो, उत्तर आपल्याला माहीत असून. कित्येक घरांत मोठी माणसं असे प्रश्न विचारतच नाहीत. तिथे मुलाला काम सांगतात, हाक मारतात, रागावतात, गोष्ट सांगतात. अशा मुलाला तुझा प्रश्न विचित्र वाटतो आणि ते गप्प बसतं. येऊरच्या पाड्यावरचं मूल अनोळखी बाईंसमोर खाली बघत गप्प राहिलं तर ते त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे अदबीनं वागतंय. नजर देत नाही म्हणून लगेच ऑटिझमच्या रकान्यात टिक करू नये. ते मूल आपल्या भावंडांकडे बघतं का, काही आवडलं तर त्यांना दाखवतं का, हे बघ. भावंडाला खोलीत येऊ दे.

आता शाळेची चिठ्ठी. ‘घरी इंग्रजीत बोला’ हा सल्ला मी या गावांत इतक्या वेळा ऐकलाय की त्यावर थोडं जोर देऊन लिहिते. हा सल्ला देऊ नकोस, आणि कुणी दिला असेल तर आदरानं पण ठामपणे दुरुस्त कर. एकापेक्षा जास्त भाषा कानावर पडल्यानं भाषेचा आजार होत नाही. २००३ साली कॅनडात पॅराडिस आणि सहकाऱ्यांनी भाषेची मूळ अडचण असलेल्या, फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या मुलांची तुलना तशीच अडचण असलेल्या एकभाषिक मुलांशी केली. व्याकरणात दोन भाषावाली मुलं मागे नव्हती. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांबद्दलही २००५ साली तिथूनच तसेच निष्कर्ष आले. उलट घरची भाषा बंद केली की काय होतं ते डोळ्यांसमोर आण. आईला जेवढं इंग्रजी येतं त्यात ‘कम’, ‘सीट’, ‘ईट’, ‘डोन्ट’ एवढंच उरतं. गोष्टी, भांडणं, लाड, देवाची गाणी सगळं थांबतं. आजी तर बोलायचीच थांबते. ज्या मुलाला भाषा जास्त हवी त्याच्याच वाट्याची भाषा आपण कमी करतो. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं. मुख्याध्यापकांशी बोलताना हे उपयोगी पडतं.

पण पालकांना इंग्रजी हवी असते त्यामागे विचार असतो, तो ऐकून घे. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी गेली. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या घरांच्या हातातलं काम गेलं. त्या घरातली आई आज म्हणते की माझ्या पोराला इंग्रजी यायलाच हवं, तेव्हा ती पुढच्या पिढीच्या पोटाचा विचार करत असते. तिला मातृभाषेवर व्याख्यान देऊ नकोस. तिला सांग, ‘इंग्रजीही येईल, आपण शाळेचे शब्दही घेऊ. पण बोलायचं कसं हे तो तुमच्याकडून शिकतोय, ते बंद करू नका.’ आणि खरोखर शाळेचे शब्द घे, नुसतं आश्वासन देऊ नकोस. मूल मोठं झालं की कुठे ‘घोरा’ आणि कुठे ‘घोडा’ हे ते आपोआप शिकतं. आपल्यापैकी किती जण घरी एक आणि ऑफिसात एक असं बोलतात! शाळेच्या वयात त्याला त्याची मदत हवी असेल तर तेव्हा बघू, आणि तीही त्याची स्वतःची इच्छा असेल तर.

तू आगरी शिकावीस का? समजायला शीक. बोलताना नक्कल करू नकोस. सिनेमा-नाटकांत या बोलीला हसण्यासाठी इतकं वापरलं गेलंय की बाहेरच्या माणसानं हेल काढला तरी घरच्यांना चेष्टा वाटू शकते. तुझ्या मराठीतच बोल, त्यांचे शब्द विचारून घे, आणि ते शब्द जसेच्या तसे मुलाच्या वहीत लिही. दुभाष्या लागलाच तर त्याला आधी सांगून ठेव की मूल जे बोललं तेच सांग, सुधारून सांगू नको. माणसं प्रेमानं चुका दुरुस्त करून सांगतात आणि आपल्याला वाटतं मूल छान बोललं. आणि निदान सांगण्याच्या दिवशी मोठ्या बहिणीला दुभाषी करू नकोस. ते ओझं बारा वर्षांच्या पोरीवर टाकायचं नसतं.

इथे उलट्या बाजूचा धोकाही सांगायला हवा, कारण तुझ्यासारख्या कळकळीच्या मुली तिकडे झुकतात. ‘ही त्यांची बोली आहे’, ‘दोन भाषांमुळे होतंय’, ‘मुलगा आहे, उशिरा बोलेल’ असं म्हणून खरी अडचण सोडून देणं हाही अन्यायच. इंग्लंडच्या सरे भागातली शाळकरी मुलांची एक मोठी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. दुसरं काही कारण नसताना भाषेचा विकार असलेली मुलं तीसच्या वर्गात साधारण दोन निघाली. आपल्याकडच्या वर्गांत ती नाहीत असं मानायला काही आधार नाही, फक्त ती ओळखली जात नाहीत. मुली तर हमखास सुटतात. दिघ्यातली भोजपुरी बोलणारी शांत मुलगी, शिक्षक म्हणतात ‘शहाणी आहे, त्रास देत नाही’. ती वर्गात गप्प, घरी भोजपुरीतही दोन-तीन शब्दांपुढे जात नाही. विकार असेल तर तो मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. फक्त शाळेच्या भाषेत अडतं आणि घरी भरभरून बोलतं, तर काळजी कमी. घरच्या भाषेतही अडतं, तर थांबू नकोस. दोन वर्षांच्या आसपास सगळ्या भाषा मिळून पन्नासेक शब्द आणि दोन-दोन शब्दांच्या जोड्या हव्यात. ‘सगळ्या भाषा मिळून’ हे मोजताना विसरायचं नाही.

घरच्या उपायांबद्दल विचारलं नाहीस, तरी ते समोर येतीलच. जिभेवर वेखंड लावतात, एकवीरा आईला नवस बोलतात. नवसाशी आपलं काही भांडण नाही. वेखंडासोबत मध चाटवत असतील आणि बाळ वर्षाच्या आतलं असेल तर मध थांबवायला सांग, त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. बाकी वाद घालू नकोस. ‘कार्ल्याला जाऊन या, आणि मंगळवारी कानांच्या तपासणीला या,’ एवढं पुरतं.

आता आई यायची का थांबली. भाषेचं कारण वर आलंच. उरलेली कारणं साधी आहेत आणि ती आपण फार कमी विचारतो. वाशीच्या एपीएमसी या घाऊक बाजारात भाजीचं काम मध्यरात्र उलटल्यावर सुरू होतं. वडील सकाळी झोपलेले असतात आणि तू सकाळी अकराची वेळ देतेस. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात शिफ्ट दर आठवड्याला बदलते. रोजावर काम करणाऱ्या बाईला आठवड्यातून दोन सेशन म्हणजे दोन दिवसांची मजुरी, वर रिक्षा, वर तुझी फी. फाइलवर आपण लिहितो ‘पालक सहकार्य करत नाहीत’. हे वाक्य तू लिहूच नकोस. फोन कर आणि विचार, ‘कुठली वेळ जमेल? किती वेळा जमेल?’ पंधरा दिवसांतून एकदा जमत असेल तर तेवढ्यातला प्लॅन कर. मधल्या दिवसांत व्हॉट्सॅपवर मुलाच्या बोलण्याची व्हॉइस नोट मागव आणि उत्तर दे. घरच्या अभ्यासाला वेगळा वेळ काढायला लावू नकोस. कोलंबी सोलताना, बाजाराची टोपली भरताना, शाळेत जाताना जे बोलणं होतं त्यातच ते बसव, आणि शिकव चुलत बहिणीला. ती वीस वेळा ‘कोलंबी’ म्हणवून घेईल आणि कंटाळणार नाही.

पैशाचं सांगायचं तर वाटा ठाऊक असू देत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. अंगणवाडी-शाळेत तपासून मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येतं. वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवण अक्षमतेवर काम करणारी सरकारी संस्था १९८३ पासूनची, तिथे खर्च कमी. पण घणसोलीहून तिथे जाणं म्हणजे अख्खा दिवस, त्यामुळे सविस्तर तपासणीपुरतं पाठव. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीही येते. नुसत्या उच्चाराच्या अडचणीला ती लागू नाही, उगाच खेटे घालायला लावू नकोस. बोलता न येणाऱ्या मुलासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे मोफत ॲप आहे, मराठीतही चालतं. महागडं परदेशी ॲप सुचवण्याआधी ते दाखव.

कोळी आजोबांचं थोडक्यात. पक्षाघातानंतर अनेक भाषांपैकी कुठली आधी परतते यावर एकोणिसाव्या शतकापासून दोन मतं आहेत. फ्रान्समधले अभ्यासक रिबो म्हणत, सगळ्यात जुनी. तिथलेच पित्र म्हणत, रोजच्या वापरातली. प्रत्यक्षात रुग्णागणिक बदलतं. पण आजोबांची जुनीही तीच आणि रोजचीही तीच, कोळी बोली. तेव्हा सफरचंदाची कार्डं ठेवून दे. निवटी, बोंबील, चिंबोरी, जाळं, वल्हं, भरती-ओहोटी यांवर काम कर. नातवाला मोबाइलवर होडीचे आणि बंदराचे फोटो काढून आणायला सांग. प्रमाण मराठीत नाव आलं पाहिजे हा आग्रह सोड. गिळायलाही त्रास असेल तर पातळ पाणी घट्ट करायची पावडर दरमहा परवडणार नाही, मग घरचे पेज देतात. पेज चालू शकते, पण तांदळाचा स्टार्च लाळेनं पातळ होतो. उष्टा चमचा वाटीत बुडवत राहिलं तर वाटीतली पेज हळूहळू पाण्यासारखी होते. थोडी थोडी ताजी वाढून द्यायची, आणि किती घट्ट हवी ते तू स्वतः तपासून, घरच्यांना दाखवून ठरव. भात मऊ करायचा, माशाचा काटा काढून मांस कालवायचं. ‘मासे बंद’ म्हणालीस तर ते जेवणच सोडतील.

मुलाकडे परत येते. नवा रिपोर्ट लिही, जुना मागे घे. त्यात पहिल्या परिच्छेदात घरातल्या भाषा आणि कोण कुठली बोलतं ते येऊ दे. मग लिही की ड-र, ळ-ल, ण-न हे फरक त्याच्या घरच्या बोलीतले आहेत आणि त्यांवर उपचार नकोत. क-ख-ग च्या जागी त-थ-द येतात, ते घरच्या बोलीत नाहीत, त्यांवर उपचार हवेत. भाषेची समज आणि वाक्यरचना शिकवून तपासल्यावर जे दिसेल ते. रिपोर्टसोबत मराठीत एक पान आईसाठी आणि अर्धं पान बाईंसाठी दे.

थेरपीत क पासून सुरुवात कर. उताणं झोपवून, जिभेचं टोक खाली धरून आवाज मागे जातो का बघ. जमला की ‘कार-तार’, ‘काप-ताप’, ‘गार-दार’ अशा जोड्या घे, म्हणजे चुकीच्या आवाजानं अर्थ बदलतो हे त्याला खेळातच कळेल. शब्द त्याच्या घरातले निवड: काकू, कोलंबी, कोंबरी, कावला, गारी, गनपती. हो, वहीत ‘कोंबरी’ आणि ‘गनपती’ असंच लिही. बाईंच्या अर्ध्या पानावर एक ओळ टाक, ‘वर्गात तो गारी म्हणाला तर बरोबर समजावं, दारी म्हणाला तर एकदा क्लिअर म्हणून दाखवावं आणि पुढे जावं.’ आणि आज संध्याकाळी आईला फोन कर, आजीला बरोबर घेऊन यायला सांग.